आडवा तक्ता, उभं पान आणि माझी वाकडी मान (इनडिझाइन)

केळीचं_खोड | सोमवार, रात्री ११.४०

राम राम मंडळी. सावद्याकडचा आहे, घरीच डीटीपी करतो, म्हणजे इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये पानं जुळवून छपाईला देतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, वर्षातून एखादी स्मरणिका. सध्या एका फ्रूटसेल सोसायटीचा वार्षिक अहवाल हातात आहे. ३० सप्टेंबरच्या आत सगळ्यांनाच वार्षिक सभा उरकायची असते, त्यामुळे या महिन्यात प्रेसवाला, सेक्रेटरी आणि मी, तिघंही एकमेकांचे फोन टाळतो.

अहवाल डेमी १/८ (साध्या पुस्तकाचा आकार), ४० पानं, मध्ये पिन. सगळं बसलं, एक तक्ता सोडून. सभासदनिहाय केळीचा माल : ४० सभासद, एप्रिल ते मार्च बारा महिने, शेवटी एकूण. नाव धरून १४ रकाने, आकडे क्विंटलमध्ये, तेही दशांशासकट. पानाची रुंदी १४० मिमी, समास सोडून हातात ११० उरतात. एवढ्यात १४ रकाने म्हणजे काळीपिवळीत सोळा माणसं.

म्हणून तक्ता आडवा फिरवला आणि तिथून भोग सुरू झाले. एक्सेलमधून पेस्ट केला, फ्रेम फिरवली, तर निम्म्या घरांत लाल ठिपके. महिन्यांची नावं मावेनात म्हणून ती घरातल्या घरात पुन्हा फिरवली. आता कुठलं अक्षर कुठून वाचायचं तेच कळेना. तक्ता पान २१ आणि २२ वर आहे. उजव्या पानावर तक्त्याचं डोकं, म्हणजे रकान्यांच्या नावांची ओळ, उजवीकडे ठेवलंय, डाव्यावर डावीकडे, म्हणजे दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला, दिसायला सारखं. आणि एक आकडा बदलायचा तरी मान डाव्या खांद्यावर टाकून टाइप करावं लागतंय. बायकोने आत्ताच विचारलं, विक्स लावून देऊ का.

कुणी सांगेल का, हे लोक कसं करतात?


शेवभाजी | सोमवार, रात्री ११.५२

एवढं काय त्यात. एक्सेलमध्येच पान लँडस्केप कर, पीडीएफ काढ, ती इनडिझाइनमध्ये प्लेस कर आणि ९० अंशात फिरव. दहा मिनिटांचं काम. झोप.


मेहरूणची_बोरं | मंगळवार, सकाळी ७.१५

शेवभाजी, हे मी केलेलं आहे, म्हणून सांगते. पीडीएफ लावली, प्रूफ पास झालं, आणि छपाईची प्लेट निघायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी भाऊंनी तीन सभासदांचे आकडे बदलून पाठवले. परत एक्सेल, परत पीडीएफ, परत प्लेस. तिसऱ्या खेपेला मी चुकून जुनीच पीडीएफ ठेवली. शिवाय बाकी अहवालात अंक देवनागरी आणि तक्त्यात इंग्रजी, रेषा वेगळ्याच जाडीच्या, फॉन्ट भलताच. तक्ता शेजारच्या घरून उसना आणल्यासारखा दिसतो. आकडे अगदी अंतिम असतील आणि वेळच नसेल तर ठीक, एरवी नको.

खोडभाऊ, तुमचं मूळ ठीक आहे. इनडिझाइनमध्ये टेबल ही वेगळी वस्तू नाहीच. ते मजकुराच्या ओळीत बसलेलं असतं, जसं एखादं मोठ्ठं अक्षर. म्हणून नुसतं टेबल फिरवायचा पर्याय शोधत बसलात तर सापडणार नाही. फिरते ती टेक्स्ट फ्रेम. टेबल आपलं आत बसून फ्रेमबरोबर जातं. तुम्ही फ्रेमच फिरवली, ते बरोबर. चुकलं एवढंच की आधी फिरवली आणि मग आत दुरुस्ती करायला बसलात.

असं करून बघा. कोऱ्या जागेत, म्हणजे पेस्टबोर्डवर, सरळ फ्रेम घ्या, रुंदी १८० मिमी, उंची ११०. त्यात टेबल पेस्ट करा आणि रकाने, रेषा, फॉन्ट, सगळं तिथेच सरळ असताना उरका. वरची ओळ निवडून टेबल मेनूतून हेडर रो करून टाका. मग तशीच दुसरी फ्रेम घेऊन पहिलीला जोडा, खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या लाल अधिकवर क्लिक करून. उरलेल्या ओळी आपोआप दुसरीत उतरतात आणि डोक्याची ओळ तिथेही आपसूक येते. सगळं झालं की दोन्ही फ्रेम फिरवायच्या. वर कंट्रोल पट्टीत कोनाच्या खिडकीत ९० टाका. इनडिझाइनमध्ये अधिक ९० म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, त्यामुळे तक्त्याचं डोकं पानाच्या डाव्या बाजूला येतं.

आणि मानेचं औषध विक्स नाही. व्ह्यू मेनूत रोटेट स्प्रेड आहे, त्यात ९० डिग्री क्लॉकवाइज निवडा. अख्खं जोडपान स्क्रीनवर फिरतं, तक्ता सरळ दिसतो, तुम्ही ताठ बसून टाइप करा. छपाईवर याचा काहीही परिणाम होत नाही, हे फक्त डोळ्यांसाठी. २००८ च्या सीएस४ आवृत्तीपासून आहे, आणि दहा वर्षं काम करणाऱ्या लोकांनाही माहीत नसतं. एका प्रेसमध्ये मी एकाला मॉनिटरच आडवा ठेवून काम करताना पाहिलंय.


केळीचं_खोड | मंगळवार, सकाळी ९.०५

ताई, तुम्ही देवमाणूस. रोटेट स्प्रेड दाबलं आणि अक्षरशः हसू आलं. पंधरा वर्षं झाली इनडिझाइन वापरतोय.

पण लाल ठिपके अजून आहेतच. नावाचा रकाना ३८ मिमी, महिन्याचे बारा १० मिमीचे, एकूणचा १८. बेरीज १७६, बसायला पाहिजे. फॉन्ट साडेसात पॉइंट. ओळीची उंची बरोबर ४.५ मिमी बांधून दिलीय, डोक्याची १४. तरी १२४.५० सारखा आकडा दिसत नाही, नुसता ठिपका.


मेहरूणची_बोरं | मंगळवार, दुपारी १.३०

डबा खाता खाता लिहितेय. ठिपका म्हणजे घरात मजकूर आहे पण मावत नाही. इथे दोषी घराच्या आतला समास. इनडिझाइन प्रत्येक घराला चारही बाजूंनी ४ पॉइंट जागा सोडतं, म्हणजे सुमारे १.४ मिमी. दोन्ही बाजूंचे मिळून २.८ गेले. १० मिमीच्या रकान्यात उरले ७.२, आणि साडेसात पॉइंटात १२४.५० ला जवळजवळ ७.८ लागतात. उंचीचं तर त्याहून वाईट : ४.५ मधून २.८ गेले तर १.७ मिमीत अक्षर कसं उभं राहील?

अख्खं टेबल निवडा, सेल ऑप्शन्समध्ये टेक्स्ट, तिथे चारी इन्सेट अर्धा मिमी करा. ठिपके पळतील. आकडे उजवीकडे चिकटवा, दशांश सगळीकडे दोनच ठेवा म्हणजे बिंदू एकाखाली एक येतील. आणि रकान्याची रेष माउसने ओढायची नाही. टेबल पॅनेलमध्ये आकडा टाका. फिरवलेल्या फ्रेममध्ये रेष ओढायला गेलं की उभं-आडवं डोक्यात उलटतं आणि भलताच रकाना फुगतो.

अंक इंग्रजीच आलेत का? जुन्या फॉन्टांत बऱ्याचदा इंग्रजी अंकाच्या जागीच देवनागरी अंक बसवलेला असायचा, म्हणून तेव्हा हा प्रश्न पडत नव्हता. युनिकोडमध्ये १ वेगळा आणि इंग्रजी एक वेगळा. फाइंड-चेंजमध्ये दहा वेळा बदला, पण सर्च खाली स्टोरी (म्हणजे जोडलेल्या फ्रेमांतला तेवढाच मजकूर) ठेवा, डॉक्युमेंट नको. नाहीतर बाकी पानांवरचे जीएसटी नंबरसुद्धा देवनागरी होतील. झालंय माझं.


भुसावळ_जंक्शन | मंगळवार, दुपारी ३.१०

एक भर. पेस्ट केलेल्या तक्त्यात नावांची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील, तर पॅराग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्ये कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, बघा. वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर पाहिजे. मराठीसकट भारतीय भाषांची ही सोय २०१२ च्या सीएस६ पासून आली. टेबलमधला मजकूर बेसिक पॅराग्राफ स्टाइल घेऊन येतो, म्हणून बाकी पुस्तक नीट आणि तक्ता तेवढा बोबडा, असं होतं.


तापीकाठ | मंगळवार, संध्याकाळी ५.४४

कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये करा की राव. टेबल टूल एक्स४ आवृत्तीपासून आहे, तक्ता ही सरळ वस्तू, धरून कुठल्याही कोनात फिरवा. आमच्या चोपड्यात अर्ध्या पत्रिका कोरलमध्येच होतात.


मेहरूणची_बोरं | मंगळवार, संध्याकाळी ६.०२

एका पानाचा तक्ता असेल तर कोरल छान. ४० सभासद दोन पानांवर ओघळायचे, डोक्याची ओळ दुसऱ्या पानावर पुन्हा यायची, तिथे ते हाताने करावं लागतं. आणि बाकी ३८ पानं इनडिझाइनमध्ये आहेत त्यांची.


खिळ्यांचा_आबा | मंगळवार, रात्री ८.३०

काय भो, मान मोडी गयी का?

मी अमळनेरचा, आता वय झालं, पण हात खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांत, काळे झालेले. तुमच्या तांत्रिक गोष्टी ताईंनी सांगितल्या. मला दुसरंच दिसलं आणि त्याकडे कुणी बघितलं नाही. २१ आणि २२ ही समोरासमोरची पानं नाहीत. २१ उजवं, २२ त्याच्याच पाठीवर. वाचणाऱ्याला अर्धा तक्ता बघून पान उलटावं लागेल. वरून तुम्ही एकाचं डोकं उजवीकडे आणि दुसऱ्याचं डावीकडे केलंय. म्हणजे पहिल्या पानाला पुस्तक एका अंगाला फिरवायचं, दुसऱ्याला उलट अंगाला. सभेत म्हातारे सभासद अहवाल स्टिअरिंगसारखा फिरवत बसतील.

डोकं दोन्ही पानांवर डावीकडेच. का, ते हाताने करून बघा. एक ए४ कागद घ्या, मधोमध दुमडा, पुस्तकासारखा उघडून धरा. डाव्या पानाच्या डाव्या कडेला बाण काढा आणि लिहा डोकं. उजव्या पानाच्याही डाव्या कडेला, म्हणजे दुमडीजवळ, तसंच लिहा. आता कागद घड्याळाच्या काट्यासारखा पाव फेरी फिरवा. डावं पान वर गेलं, उजवं खाली आलं, दुमड आडवी झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं, वर चित्र आणि खाली तारखा. नजर वरच्या पानावरून सरळ खालच्या पानावर उतरते. म्हणून आडवा तक्ता दोन पानांचा असेल तर तो सम पानावर सुरू करायचा. तुमचा २२–२३ वर न्या. मधलं जोडपान पाहिजे असेल तर ४० पानांत ते २०–२१ येतं, तिथे एकच कागद सलग असतो, तेही चालेल.

पान क्रमांक फिरवायचा नाही, तो जिथे आहे तिथे उभाच. पानाच्या माथ्यावर सोसायटीचं नाव छापत असाल तर या दोन पानांवर ते काढून टाका, तक्त्याच्या अंगावर येतं.

आमच्या वेळी आडवा तक्ता म्हणजे कंपोझिटरला शिक्षा होती. पितळी पट्ट्या रकान्याच्या मापाने कापायच्या, घरं भरायची, खिळ्यांमधली जागा शिशाच्या तुकड्यांनी घट्ट करायची. जुळणी सरळच करायची, वाचता येईल अशी. मग सगळा गठ्ठा सुतळीने आवळायचा आणि शेवटी चौकटीत आडवा बसवून पाचरी ठोकायच्या. सुतळी सैल राहिली तर उचलताना मधला रकाना तेवढा खाली गळायचा, वाळूसारखा. एकदा माझ्या हातून तीन तासांचं काम फरशीवर सांडलं. मालक काही बोलले नाहीत, चहा मागवला. ते जास्त लागलं.


केळीचं_खोड | मंगळवार, रात्री ९.१५

आबा, कागद दुमडून बघितला. मुलगी पण बघत होती, तिला माझ्या आधी कळलं. २२–२३ वर नेतोय.

आता महिने. घराच्या आत मजकूर फिरवायचा म्हणून सेल ऑप्शन्समधून २७० दिलं होतं, खालून वर वाचता यावं म्हणून. आज कच्चं प्रूफ प्रेसवर पाठवलं तर त्यांचा फोन : पान उलटं आलंय, डोक्यावर पाय आहेत. मी म्हटलं उलटं नाही हो, आडवं आहे. ते म्हणाले एप्रिल उलटा आहे. खरंच आहे की.


मेहरूणची_बोरं | मंगळवार, रात्री ९.४०

हा हा. बेरीज करा. फ्रेम उलट्या काट्याने ९०. घरातलं २७० म्हणजे तेही उलट्या काट्याने ९०. झाले १८०. पान उभं धरलं तर एप्रिल शीर्षासनात. गंमत म्हणजे घरात ९० दिलंत तर दोन फिरवणी एकमेकांना खातात आणि पान उभं धरलं असता महिने सरळ वाचता येतात, आकडे मात्र आडवे. (कोनाच्या खिडकीत अधिक ९० उलट्या काट्याने आणि सेलमध्ये ९० सुलट्या काट्याने, हे कुणी ठरवलं देव जाणे.)

मी ९० घेतलं असतं. पुस्तक न फिरवता निदान महिना तरी कळतो.


खिळ्यांचा_आबा | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, इथे मी नाही म्हणणार. माणूस पुस्तक फिरवतो आकडे वाचायला. फिरवल्यावर महिने वरून खाली घसरताना दिसले तर त्याने परत मान वाकडी करायची का? फिरवलेल्याच्या आत आणखी फिरवू नये. एप्रि. मे जून जुलै ऑग. सप्टें. ऑक्टो. नोव्हें. डिसें. जाने. फेब्रु. मार्च. दहा मिमीत आरामात. खानदेशातला कुठला केळीवाला ऑग. ला अडणार आहे?


मेहरूणची_बोरं | मंगळवार, रात्री १०.२०

हरले मी, आबा. आणि एक फायदा मला आत्ता दिसला. महिने सरळ झाले की डोक्याची ओळ १४ मिमी कशाला, ६ पुरे. ८ मिमी सुटले. ४० सभासद आणि एक एकूण, ४१ ओळी, एका पानावर २१. म्हणजे ओळ ४.५ वरून ४.९ मिमीवर नेता येईल. साडेसात पॉइंटाला तेवढी हवा मिळाली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना धडकत नाहीत.


धुळ्याची_धूळ | बुधवार, सकाळी ८.००

उशिरा आलो, पण आतल्या समासाचं कुणी बोललं नाही. डोकं डावीकडे म्हटलं की उजव्या पानावर ते दुमडीच्या बाजूला येतं. तुमचं ४० पानांचं पिनवालं आहे, सपाट उघडेल. आम्ही मागे एका संस्थेची दोनशे पानी स्मरणिका केली, परफेक्ट (म्हणजे गोंदाचं) बाइंडिंग, आतला समास १२ मिमी. देणगीदारांचा तक्ता आडवा. छापून आलं तर उजव्या पानांवर रकान्यांची नावंच गोंदात गडप. रक्कम कुठली, साल कुठलं, काही कळेना. प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यांनी वाचायला पुस्तक ताणून उघडलं आणि पान त्यांच्या हातात आलं. व्यासपीठावर.

गोंदाचं बाइंडिंग असेल तर या पानांना आत २० मिमीच्या खाली जाऊ नका. तुमचा किती आहे?


केळीचं_खोड | बुधवार, सकाळी ८.२५

आत १८, बाहेर १२. पिन आहे तर चालेल ना?


धुळ्याची_धूळ | बुधवार, सकाळी ८.३१

चालेल. ते पाहुणे अजून भेटले की हसतात, म्हणून सांगितलं.


शेवभाजी | बुधवार, दुपारी १२.१५

मी परत आलोय, यावेळी कामाचं बोलतो. हल्ली अर्धे सभासद अहवाल व्हॉट्सॲपवरच बघतात. मोबाइलवर आडवं पान आलं की फोन फिरवतात, तर स्क्रीन पण फिरते, तक्ता परत आडवाच. त्यांच्यासाठी वेगळी पीडीएफ करा : ॲक्रोबॅटमध्ये पान २२ आणि २३ तेवढी घड्याळाच्या दिशेने फिरवून सेव्ह करा, म्हणजे तक्ता सरळ दिसेल. फाइलच्या नावात मोबाइल असं लिहा. नाही लिहिलं तर काय होतं ते मला विचारा. मी ती फिरवलेली फाइलच प्रेसला पाठवली होती, प्लेट लावणाऱ्या पोराने ती पानं चौकटीत बसावीत म्हणून लहान करून टाकली. तीस टक्के तरी आक्रसली असतील. भिंगातून वाचायचा ताळेबंद.


नंदुरबारची_मिरची | बुधवार, दुपारी २.५०

मला एक कळत नाही, फिरवायलाच कशाला पाहिजे? बारा महिन्यांऐवजी चार तिमाह्या करा, नाव आणि एकूण धरून सहा रकाने, उभ्या पानात मावतील.


केळीचं_खोड | बुधवार, दुपारी ३.२०

मिरचीताई, मी पण हेच सुचवलं होतं. पण केळीचा भाव महिन्याला नाही, आठवड्याला बदलतो. कुणाचा माल कुठल्या महिन्यात गेला हे बघायलाच लोक हे पान उघडतात. शेजाऱ्याचा मे महिना आणि आपला मे महिना. तिमाही केली तर सभेत अर्धा तास भांडण होईल, असं सेक्रेटरी काका म्हणाले.


केळीचं_खोड | शनिवार, रात्री ८.१०

छापून आलं. २२–२३, डोकं डावीकडे, महिने आखूड, इन्सेट अर्धा मिमी, ओळ ४.९. शेवटच्या दिवशी अपेक्षेप्रमाणे दोन आकडे बदलले. रोटेट स्प्रेड करून ताठ मानेने दोन मिनिटांत दुरुस्त केले, एकूणची बेरीज एक्सेलमधून पुन्हा तपासून घेतली. मोबाइलची पीडीएफ वेगळ्या नावाने ग्रुपवर टाकली.

चूक एक राहिलीच. पान २३ वरचा पान क्रमांक मी तक्त्याखाली झाकून टाकलाय. फ्रेमला पांढरा भराव होता. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, इथे कुणी सोसायटीचा सभासद असेल तर गप्प बसा.

पहिली प्रत चेअरमन आप्पांना दिली. त्यांनी पान २२ उघडलं, स्वतःचं नाव शोधलं, आडव्या ओळीवरून बोट नेत मार्चपर्यंत गेले. पुस्तक फिरवलं नाही. मान डाव्या खांद्यावर टाकून वाचलं.